लावला की दिसला!

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘पेनड्राइव्ह चालेल ना?’ चालतो. पण तो नुसता लावला की दिसावा म्हणून बरीच वर्षं बऱ्याच लोकांनी डोकं आपटलंय. आणि आजही तो काही ठिकाणी अडतो. ती ठिकाणं माहीत असली की सबमिशनच्या दिवशी घाम फुटत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. सिक्युरिटी अपडेट्स त्यानंतरही काही काळ मिळवायची सोय दिली, पण ती मर्यादित काळापुरतीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि साधारण २०१७-१८ च्या पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ताईने इंजिनीअरिंगला वापरलेला आणि आता आपल्याकडे आलेला लॅपटॉप, ज्याचा कीबोर्ड ठीक आहे, स्क्रीन ठीक आहे, फक्त वय झालंय, तो कागदोपत्री बाद. असे लॅपटॉप आपल्यातल्या किती तरी जणांकडे आहेत. नवा घ्यायचा तर चाळीस-पन्नास हजारांची बात. मग कुणीतरी मित्र म्हणतो, अरे मिंट टाक, उबंटू टाक, मस्त पळेल.

टाकतोही आपण. वायफाय लागतं, यूट्यूब चालतं, ऑफिसचं काम लिब्रेऑफिसवर भागतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी कॉलेजात होते. प्रोजेक्ट पेनड्राइव्हमध्ये, पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात, असाइनमेंटचा फोल्डर लॅबच्या सर्व्हरवर. आपलं मशीन कितीही भारी असो, ते या तीन ठिकाणांशी बोललं नाही तर त्याचा उपयोग शून्य.

आधी माउंट, मग बाकीचं

विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावला की त्याला ई, एफ असं एखादं अक्षर मिळतं. लिनक्समध्ये अक्षरं नाहीतच. तिथे सगळ्या फाइल्सचं मिळून एकच झाड असतं आणि नवी डिस्क आली की तिचं कलम त्या झाडाच्या एखाद्या फांदीवर करायचं. त्याला म्हणतात माउंट करणं. ही युनिक्सची जुनी पद्धत आहे. तेव्हा डिस्क जोडणं हे मशीनची देखभाल करणाऱ्या माणसाचं काम होतं, वापरणाऱ्याचं नाही. त्यामुळे माउंटचा अधिकार ‘रूट’कडे, म्हणजे मशीनच्या मालकाकडे. यात गैर काही नव्हतं. गैर झालं ते हीच पद्धत घरच्या कॉम्प्युटरवर जशीच्या तशी आली तेव्हा.

नव्वदच्या दशकात लिनक्सवर सीडी बघायची तर काय करावं लागायचं बघा. सीडी आत सारायची. काळी खिडकी उघडून रूटचा पासवर्ड द्यायचा. मग एक आज्ञा लिहायची, जिच्यात डिस्कचं यंत्राला कळणारं नाव, तिच्यावरच्या फाइल सिस्टिमचा प्रकार आणि ती कुठे जोडायची ती जागा, हे सगळं आपणच सांगायचं. काम झालं की ‘अनमाउंट’. ते विसरून ट्रेचं बटण दाबलं तर ट्रे उघडायचाच नाही, कारण माउंट असेपर्यंत सिस्टिम तो कुलूपबंद ठेवायची. आणि अनमाउंट करताना एखादी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडी राहिली असेल तर उत्तर यायचं, डिव्हाइस बिझी आहे. कोण बिझी आहे, ते तुम्ही शोधा!

थोडा जुगाड होता. ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये सीडी आणि फ्लॉपीसाठी एकेक ओळ लिहून ठेवायची आणि साध्या युजरलाही माउंटची परवानगी द्यायची. मँड्रेकसारख्या कंपन्यांनी ‘सुपरमाउंट’ नावाची युक्ती वापरली होती, फोल्डर उघडला की डिस्क आपोआप जोडली जायची. सीडीपुरतं हे निभावलं, कारण सीडी ड्राइव्ह जागचा हलत नाही. २००० सालाच्या सुमारास यूएसबी पेनड्राइव्ह बाजारात आले (पहिले ८ एमबीचे होते, आज व्हॉट्सॲपवरचा एक व्हिडिओ त्यात मावणार नाही) आणि जुगाड संपला. पेनड्राइव्ह कधीही येणार, कधीही जाणार, दर वेळी वेगळ्या नावाने येणार. सकाळी जो ‘एसडीए’ होता तो दुपारी ‘एसडीबी’. आधीच लिहून ठेवलेली ओळ काय कामाची?

हार्डवेअरने गपगुमान चालावं

२००३ मध्ये रेड हॅटमधल्या हॅवॉक पेनिंग्टनने एक टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. लिनक्सच्या कर्नलला खाली सगळं कळतं, नवं यंत्र जोडलं की त्याला पत्ता लागतो. डेस्कटॉपला वर सगळं दाखवता येतं. पण या दोघांचं बोलणंच होत नाही. मधे एक दुभाषा हवा. हे टिपण मला फार आवडलं, कारण त्यात कुठलाही नवा शोध नाही. घरातली दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून घर अडलंय, एवढंच सांगितलंय.

डेव्हिड झॉयथन या डॅनिश प्रोग्रामरने हे काम उचललं आणि ‘हॅल’ लिहायला घेतलं. त्याच सुमारास ग्रेग क्रोआ-हार्टमनचं ‘यूडेव्ह’ येत होतं. यंत्र जोडलं, काढलं की त्याला नाव देणं आणि वर निरोप पाठवणं हे त्याचं काम. निरोपांची ने-आण करायला ‘डी-बस’ होती. मग २००४ मध्ये रॉबर्ट लव्हने हे सगळे तुकडे जोडून दाखवले आणि त्या प्रयत्नाला नाव दिलं ‘प्रोजेक्ट युटोपिया’. पेनड्राइव्ह लावला की दिसावा, या अपेक्षेला ‘युटोपिया’ म्हणावं लागलं यातच सगळं आलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्नोम २.८ आलं आणि त्यात ही सोय होती. लावला, आयकॉन आला, उघडला. बस.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. पण हॅल फुगत गेलं. बॅटरी, कीबोर्ड, कॅमेरा, प्रिंटर, जे दिसेल ते त्याने अंगावर घेतलं. २००८ च्या सुमारास खुद्द झॉयथननेच ते मोडीत काढून छोट्या छोट्या तुकड्यांत वाटायचं ठरवलं. डिस्कचा तुकडा आज ‘यूडिस्क्स’ म्हणून तुमच्या मशीनवर आहे. आपणच उभं केलेलं काम चुकीच्या आकाराचं झालंय असं म्हणून ते स्वतः मोडायचं, हे आपल्याकडे कॉलेजच्या फेस्ट कमिटीलासुद्धा जमत नाही, सॉफ्टवेअरमध्ये तर फार कमी वेळा होतं.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र तांत्रिक नव्हताच. परवानगी कोणाला द्यायची? रूटचा पासवर्ड सगळ्यांना वाटला तर सिक्युरिटीचा बोजवारा. नाही दिला तर पेनड्राइव्ह उघडत नाही. याचं उत्तर ‘पोलकिट’ने काढलं, आणि ते ऐकायला एकदम घरगुती वाटतं. जो माणूस प्रत्यक्ष स्क्रीनसमोर बसलाय त्याने पेनड्राइव्ह लावला असेल तर विचारू नका, उघडा. पण नेटवर्कवरून दुसऱ्याच खोलीतून लॉगिन झालेला कुणी तोच पेनड्राइव्ह उघडायला बघत असेल तर पासवर्ड मागा. मशीनच्या आतली हार्ड डिस्क उघडायची असेल तरी पासवर्ड मागा. म्हणूनच बऱ्याच लिनक्सवर पेनड्राइव्ह झटकन उघडतो आणि विंडोजचं जुनं पार्टिशन क्लिक केलं की पासवर्डची खिडकी येते. अनेकांना वाटतं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नाही, दारावरचा वॉचमन आपलं काम करतोय.

हल्ली तर तुमचा पेनड्राइव्ह तुमच्याच नावाच्या फोल्डरखाली जोडला जातो. लॅबमधल्या एकाच मशीनवर दुसरा कुणी त्याच्या अकाउंटने आला तर त्याला तुमच्या फाइल्स दिसत नाहीत. जोडलेला पेनड्राइव्ह निघत नसेल तर कोणतं ॲप तो धरून बसलंय तेही आता सांगितलं जातं. ‘कोण बिझी’ हे शोधायचं काम अखेर मशीनकडे गेलं.

झालं म्हणतो, पण झालेलं नसतं

आता त्या एका गोष्टीकडे येऊ, जिच्यापायी दर सेमिस्टरला कुणाची तरी शॉर्ट फिल्म नाहीतर ब्लॅक बुक उडतं.

समजा ९०० एमबीची फिल्म पेनड्राइव्हवर टाकायची आहे. कॉपी सुरू केली. हिरवी पट्टी सर्रकन पळाली आणि आठ-दहा सेकंदांत शंभर टक्के! स्वस्तातला पेनड्राइव्ह आणि हा स्पीड? शंका यायला हवी, पण घाईत येत नाही. रिक्षा खाली उभी असते. आपण पेनड्राइव्ह उपटतो, आणि जुरीसमोर लावल्यावर व्हीएलसी म्हणतं फाइल खराब आहे.

झालेलं असं असतं. लिनक्स फाइल आधी रॅममध्ये घेतं आणि ‘कॉपी झाली’ म्हणून टाकतं. मग मागच्या मागे, सवडीने, पेनड्राइव्हवर उतरवत बसतं. याला राइट कॅश म्हणतात. हार्ड डिस्कसाठी ही युक्ती उत्तम आहे, मशीन चपळ वाटतं. किती डेटा असा रॅममध्ये तुंबू द्यायचा, याची मर्यादा सहसा उपलब्ध मेमरीच्या टक्क्यांत ठरते: १० टक्क्यांना मागे लिहायला सुरुवात, २० टक्क्यांना कॉपी करणाऱ्या ॲपलाच थांबवायचं. मशीनला १६ एमबी रॅम असताना वीस टक्के म्हणजे जेमतेम तीन एमबी. आज ८ जीबीच्या लॅपटॉपवर ६ जीबी मोकळी असेल तर वीस टक्के म्हणजे १२०० एमबी. आपली अख्खी फिल्म त्यात मावते! पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी लिहिणारा असेल तर ९०० एमबीला जवळजवळ दोन मिनिटं लागणार. पट्टी भरल्यानंतरची दोन मिनिटं.

२०१३ मध्ये कर्नल लिहिणाऱ्यांमध्ये यावर चांगलीच चर्चा झाली. लिनस टोरवाल्ड्सचंही म्हणणं हेच होतं की टक्केवारीचा हिशोब कमी मेमरीच्या जमान्यातला आहे. तरी डीफॉल्ट आकडे तेच राहिले, कारण ते बदलले तर सर्व्हरवाल्यांचं गणित बिघडण्याची भीती. डेस्कटॉपवाल्यांनी मग आपल्या बाजूने मलमपट्टी केली. फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हला यूडिस्क्स ‘फ्लश’ नावाचा पर्याय लावून जोडतं, म्हणजे लिहायचं काम लवकर हातात घेतलं जातं. आणि इजेक्ट दाबलं की ग्नोम आधी ‘डेटा लिहिला जातोय, काढू नका’ असं सांगतं, मग ‘आता काढू शकता’. ही दुसरी सूचना येईपर्यंत थांबायचं. एवढंच.

माझं प्रामाणिक मत, ही पट्टी खोटं बोलते आणि ती दुरुस्त व्हायला हवी. युजरला इजेक्टची शिस्त लावण्यापेक्षा ‘शंभर टक्के’ या शब्दांचा अर्थ शंभर टक्केच ठेवणं सोपं नाही का? विंडोजने २०१८ च्या अखेरीस आलेल्या १८०९ व्हर्जनपासून पेनड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हाच डीफॉल्ट केला, तिथे लिहिणं मागे तुंबवत नाहीत. कॉपी थोडी हळू होते, पण पट्टी खरं बोलते. अर्थात कॉपी चालू असताना उपटलात तर विंडोजसुद्धा काही करू शकत नाही.

झेरॉक्सवाल्या काकांचं विंडोज

आपल्या मशीनवर लिनक्स असलं तरी कॉलेजच्या गेटसमोरच्या दुकानात विंडोजच असणार, आणि तेही कुठलं, ते विचारू नका. इथला संवाद साधारण असा:

‘काका, यातली पहिली फाइल काढा ना. दोन कॉप्या, बॅक टू बॅक.’

‘अगं, हा फॉरमॅट मागतोय. करू का?’

‘नको नको काका, थांबा!’

काकांचा दोष नाही. लिनक्सवर पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना ‘फक्त लिनक्ससाठी’ म्हणजे ईएक्सटी४ हा पर्याय निवडला की विंडोजला तो वाचताच येत नाही आणि वाचता न आलेली प्रत्येक गोष्ट त्याला फॉरमॅट करायची असते. तिथे ‘हो’ म्हटलं की संपलं.

ईएक्सटी४ ची आणखी एक गंमत आहे. त्यात प्रत्येक फाइलवर मालकाचा नंबर लिहिलेला असतो. नाव नाही, नंबर. तुमच्या लॅपटॉपवर तुम्ही बहुधा १००० नंबरचे युजर आहात. लॅबच्या मशीनवर तुमचा नंबर १०२७ असेल तर तुमच्याच पेनड्राइव्हवर तुम्ही परके. फाइल वाचता येते, बदलता येत नाही. आणि त्या मशीनवर १००० नंबरचा जो कोणी असेल तो मात्र तुमच्या फाइल्सचा मालक! फॅट आणि एक्सफॅटमध्ये मालक ही कल्पनाच नाही, त्यामुळे जो पेनड्राइव्ह लावेल त्याच्या नावावर लिनक्स सगळ्या फाइल्स करून टाकतं. फिरत्या पेनड्राइव्हसाठी हेच बरं.

फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, म्हणून व्हिडिओवाल्यांना एक्सफॅट लागतं. लिनक्सवर एक्सफॅटची वाट बरीच वर्षं पेटंटमुळे अडलेली होती. लोक वेगळं पॅकेज शोधून टाकायचे. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचं तपशीलवार वर्णन खुलं केलं आणि २०२० मधल्या ५.७ कर्नलमध्ये सॅमसंगने लिहिलेला चांगला ड्रायव्हर आला. आता वेगळं काही टाकावं लागत नाही. माझा सल्ला विचाराल तर ३२ जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह सरळ एक्सफॅट करा आणि विसरून जा. जुनी गाडीची स्टिरिओ किंवा टीव्ही फॅट३२ च मागेल, तेवढा एक लहान पेनड्राइव्ह वेगळा ठेवा.

दुकानातून परत येताना पेनड्राइव्ह सहसा एकटा येत नाही. सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, डबल क्लिक केलं की काहीतरी काळं चमकून जातं, हा प्रकार न बघितलेला विद्यार्थी महाराष्ट्रात सापडणं कठीण. विंडोजवरचा हा व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे करतो. लिनक्सवर असा पेनड्राइव्ह लावला की दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, कारण विंडोजची ‘लपवा’ ही खूण लिनक्स मानतच नाही. इथलं लपवणं वेगळं, नावाआधी टिंब असलं तरच. शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट उडवायच्या, खरे फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करून घ्यायचे, पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा आणि फोल्डर परत टाकायचे. नव्या प्रतीला ती लपवण्याची खूण लागत नाही. होस्टेलमध्ये लिनक्सवाल्याचा भाव वधारतो तो बहुतेक याच कामामुळे.

विंडोज मेलेलं नाही, झोपलंय

ज्यांनी विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकलंय त्यांची एक ठरलेली तक्रार असते. डी ड्राइव्ह लिनक्समधून दिसतो, पण काही सेव्ह होत नाही, किंवा उघडतच नाही. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलंय. आपण शटडाउन करतो तेव्हा विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपी जातं, डिस्कवरच्या कामाची वही उघडीच ठेवून. त्या वहीत लिनक्सने काही लिहिलं आणि विंडोजने उठून आपल्या आठवणीप्रमाणे पुढे लिहायला घेतलं तर डिस्कचा चुथडा होतो. म्हणून लिनक्स हात आखडता घेतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, किंवा तेवढ्यापुरतं शटडाउनऐवजी रीस्टार्ट करून लिनक्समध्ये या. रीस्टार्टमध्ये ते पूर्ण बंद होतं. नेटवर ‘जबरदस्तीने माउंट करा’ छापाच्या आज्ञा खूप सापडतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

एनटीएफएस हा विंडोजचा फॉरमॅट लिनक्सवर नीट लिहिता येणं हीसुद्धा कमाईच आहे. २००७ मध्ये ‘एनटीएफएस-३जी’ची पहिली पक्की आवृत्ती आली. त्याआधी लोक वाचण्यापुरतेच त्याच्या जवळ जायचे. २०२१ पासून कर्नलमध्येच पॅरागॉन कंपनीने दिलेला ड्रायव्हर आहे.

लॅबमधला शेअर फोल्डर

आता नेटवर्क. कॉलेजच्या लॅबमध्ये एका सर्व्हरवर फोल्डर शेअर केलेला असतो, मॅडम त्यात प्रॅक्टिकलचे डेटासेट टाकतात, आपण त्यातच जर्नल जमा करायचं असतं. ही विंडोजची एसएमबी नावाची भाषा, मुळात १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली.

लिनक्सला ती शिकवली अँड्र्यू ट्रिजेलने. १९९१-९२ ची गोष्ट, ऑस्ट्रेलियात कॅनबेराला तो पीएचडी करत होता. त्याला दोन वेगळ्या मशीन्सनी एकमेकांच्या फाइल्स बघाव्यात एवढंच हवं होतं. तारेतून जाणारे निरोप टिपून, कोण काय विचारतं आणि समोरून काय उत्तर येतं हे बघून बघून त्याने सर्व्हर लिहिला. परकी भाषा शेजाऱ्यांचं बोलणं ऐकून शिकावी तसं. ट्रेडमार्कच्या भानगडीत पहिलं नाव बदलायची वेळ आली तेव्हा त्याने एस, एम, बी ही तीन अक्षरं क्रमाने असलेले शब्द डिक्शनरीत शोधायला कॉम्प्युटरला सांगितलं. यादीत ‘साम्बा’ होतं! पुढे युरोपातला मायक्रोसॉफ्टवरचा मक्तेदारीचा खटला झाला, त्यात साम्बाच्या लोकांनी बाजू मांडली, आणि २००७ च्या डिसेंबरात १०,००० युरो एकरकमी भरून त्यांना त्या भाषेची अधिकृत कागदपत्रं मिळाली. पंधरा वर्षं ऐकून ऐकून शिकल्यावर व्याकरणाचं पुस्तक हातात पडलं.

तरीही ‘नेटवर्क’वर क्लिक केलं की लिनक्समध्ये अनेकदा रिकामी खिडकी दिसते, आणि शेजारचा विंडोजवाला सगळे फोल्डर बघत असतो. चिडचिड होते. कारण असं की पूर्वी आसपासच्या मशीन्सची यादी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या आधाराने मिळायची. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ रॅन्समवेअर त्याच आवृत्तीच्या भोकातून जगभर पसरलं. मग विंडोजने ती नव्या इन्स्टॉलमधून काढली, साम्बानेही २०१९ मध्ये ४.११ पासून डीफॉल्टला बंद केली. बरोबरच केलं. पण भोक बुजवताना यादीही गेली. विंडोजची मशीन्स आता दुसऱ्या पद्धतीने हाक मारून एकमेकांना शोधतात आणि लिनक्सचे डेस्कटॉप ती हाक ऐकायला गेल्या काही वर्षांत शिकतायत. ज्यांचं लिनक्स नवं आहे त्यांना फरक दिसेल.

यादी रिकामी असली तरी फोल्डर तिथेच असतो. फाइल मॅनेजरच्या पत्त्याच्या पट्टीत एसएमबी, कोलन, दोन स्लॅश आणि पुढे सर्व्हरचं नाव किंवा आयपी नंबर टाका. युजरनेम, पासवर्ड विचारेल, दिला की उघडतं. मग बुकमार्क करून ठेवा. लॅब असिस्टंट दादांना आयपी नंबर विचारायला लाजू नका, ‘सर्व्हर दिसत नाही’ म्हणत वीस मिनिटं बसण्यापेक्षा बरं.

उघडल्यावरही एक खोच राहते. फाइल मॅनेजरमधून उघडलेला हा फोल्डर खऱ्या अर्थाने झाडाला जोडलेला नसतो. ग्नोममध्ये २००८ पासून ‘जीव्हीएफएस’ आणि केडीईमध्ये त्याच्याही आधीपासून ‘केआयओ’ नावाचा थर आहे, तो फाइल मॅनेजरला फोल्डर असल्याचा भास देतो. कल्पना छान आहे, रूटची परवानगी लागत नाही. पण ज्या ॲपला हा थर माहीत नाही त्याला फोल्डर दिसतच नाही. म्हणून फाइल मॅनेजरमध्ये व्हिडिओ दिसतो आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ओपन’ केलं की सापडत नाही. किंवा व्हीएलसी पुन्हा पासवर्ड मागतं. यावर ‘फ्यूज’चा पूल बांधलेला आहे, तो साध्या ॲपलाही रस्ता देतो, पण मोठ्या फाइल्सना तिथे ट्रॅफिक लागतो. मी म्हणेन, व्हिडिओ किंवा मोठा डेटासेट असेल तर आधी लॅपटॉपवर कॉपी करा, काम करा, मग परत टाका. शेअरवरूनच एडिट करायचा हट्ट नको.

रोज तोच शेअर लागत असेल तर मात्र तो खराखुरा माउंट करणं उत्तम, आणि इथे आपण परत त्या जुन्या ‘एफएसटॅब’पाशी येतो. तीस वर्षांत एवढं सगळं झालं, पण कायमचा शेअर जोडायला अजूनही बऱ्याच ठिकाणी हाताने एक ओळ लिहावी लागते. चाळीस क्लिकचं सेटिंग बनवणाऱ्यांना ही एक खिडकी का सुचली नसेल, देव जाणे. त्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घालायला विसरू नका. तो नसेल तर घरी, जिथे कॉलेजचा सर्व्हर नाही, लॅपटॉप सुरू होताना दीड मिनिट त्या शेअरची वाट बघत बसू शकतो. बाहेरच्या हार्ड डिस्कच्या बाबतीत तर वाट बघून झाल्यावर तो इमर्जन्सी मोडमध्येच जातो, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं. पासवर्डही त्या ओळीत लिहू नका, ती फाइल मशीनवरचा कुणीही वाचू शकतो. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये, फक्त रूटला वाचता येईल अशा, आणि ओळीत त्या फाइलचा पत्ता.

हे करून बघायचं असेल आणि इंग्रजीतली पानं वाचून डोकं दुखत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतही आहेत, फुकट. सुरुवात मात्र तुमच्याच पेनड्राइव्हपासून करा. आज रात्री त्यावर एक मोठी फाइल टाका, पट्टी संपली की घड्याळ लावा, इजेक्ट दाबा आणि ‘आता काढू शकता’ यायला किती वेळ लागतो ते मोजा. ब्लॅक बुक जमा करायच्या दिवशी घरातून तेवढी मिनिटं आधी निघावं लागेल.